विश्लेषण : उन्हाळ्यात दुकाने आणि गाळ्यांची शटर का अडकतात? दुरुस्तीत कोणती काळजी हवी?

मार्च उजाडला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यात शटर दुरुस्त करणाऱ्यांचे फोन वाजू लागतात. सकाळी सहज वर गेलेले शटर दुपारी जड लागते, मोटर नुसती घुमते, रिमोट दाबूनही दार हलत नाही. दोष सरसकट उन्हाला दिला जातो. प्रत्यक्षात ऊन हे अनेक कारणांपैकी एक आहे आणि बऱ्याचदा ते मुख्य कारण नसते. शटर बंद पडणे हा केवळ धंद्याच्या खोळंब्याचा प्रश्नही नाही. आत माणसे असताना ते उघडले नाही, तर जिवावर बेतते.

या पट्ट्यात उन्हाचा त्रास जास्त का?

सीएसएमटीपासून रेल्वेमार्गाने अंबरनाथ सुमारे ६० किलोमीटरवर, तर बदलापूर सुमारे ६८ किलोमीटरवर आहे. मुंबईत दुपारी समुद्रावरून येणारा वारा पारा रोखून धरतो. तो वारा आतल्या भागात उशिरा पोहोचतो आणि तोवर तापलेला असतो. पूर्वेकडून कोरडे वारे वाहू लागले की मार्च ते मे या काळात बदलापूर परिसरात पारा अनेकदा चाळिशी ओलांडतो. हे झाले सावलीतल्या हवेचे तापमान. थेट उन्हात असलेला गडद रंगाचा लोखंडी पत्रा ६० अंशांच्याही पुढे तापू शकतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानांना दुपारी तीननंतर हा ताप सर्वाधिक बसतो.

शटरची संख्याही इथे मोठी आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या लष्करी छावण्यांतून १९४९ मध्ये उल्हासनगर उभे राहिले. पुढे फर्निचर बाजार, गजानन मार्केट, जपानी बाजार अशा बाजारपेठा वाढल्या. अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत लहान-मोठे गाळे आहेत. नव्या गृहसंकुलांत आता मोटरवर चालणारी फाटकेही आली आहेत.

शटर नेमके चालते कसे?

एकमेकींत अडकवलेल्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही बाजूंचे गाईड चॅनेल, वरचा पाइप म्हणजे शाफ्ट आणि त्यावर बसवलेल्या स्प्रिंग ही साध्या शटरची रचना. पट्ट्यांची जाडी साधारण सव्वा मिलिमीटर असते. तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच शटरचे वजन १०० किलोंच्या पुढे जाते. तरीही एक माणूस ते उचलतो, कारण वजनाचा मोठा भाग स्प्रिंग पेलतात. शटर खाली येताना स्प्रिंग पिळल्या जातात. वर जाताना त्या सुटतात आणि पडदा गुंडाळायला मदत करतात. म्हणजेच शटर पूर्ण बंद असते, तेव्हा स्प्रिंगमध्ये सर्वाधिक ताण साठलेला असतो.

हाताने ढकलायच्या शटरला मर्यादा आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत १० चौरस मीटरपेक्षा मोठ्या शटरसाठी साखळी आणि हँडलच्या यंत्रणेचा स्वतंत्र दर असतो. अनेक गाळ्यांत मात्र त्याहून मोठी शटर हातानेच ओढली जातात. अशी शटर लवकर बिघडतात आणि कामगारांच्या कंबरेवरही भार येतो.

उन्हाने लोखंड फुगते, म्हणून शटर अडकते का?

लोखंड फुगते, पण फारच थोडे. तीन मीटर लांबीची पट्टी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापली, तर तिची लांबी सुमारे दीड मिलिमीटरने वाढते. पट्टी आणि गाईडमध्ये पुरेशी मोकळीक ठेवलेली असते, त्यामुळे नीट बसवलेले शटर एवढ्याने अडकत नाही.

अडचण तेव्हा येते, जेव्हा ही मोकळीक आधीच संपलेली असते. टेम्पोचा धक्का लागून गाईड आत दबलेला असतो, पट्ट्यांच्या टोकांची लॉक झिजून एखादी पट्टी बाजूला सरकलेली असते किंवा रंगाचे थरावर थर चढलेले असतात. अशा शटरमध्ये तो दीड मिलिमीटरही भारी पडतो. ‘सकाळी चालते, दुपारी अडकते आणि रात्री पुन्हा चालते’ ही तक्रार असेल, तर आधी गाईड सरळ आहे का ते पाहावे.

दुसरे कारण ग्रीस. उष्णतेने ग्रीसमधले तेल सुटून निथळते आणि मागे घट्ट साका उरतो. त्यात रस्त्याची धूळ, लाकडाचा भुसा, कापडाचे तंतू मिसळले की गाईडमध्ये कानस चालावी तशी झीज सुरू होते. त्यावर गाडीतून काढलेले काळे ऑइल ओतण्याची पद्धत सर्वत्र दिसते. त्याने दोन दिवस शटर हलके वाटते, मग धूळ दुप्पट चिकटते.

स्प्रिंग उन्हाने ढिली पडते, हा समजही चुकीचा आहे. ६०-६५ अंशांनी स्प्रिंगच्या पोलादाला फरक पडत नाही. तिला मारतात ते गंज आणि वापर. अमेरिकेत घरगुती गॅरेजच्या दारांच्या स्प्रिंगसाठी साधारण १० हजार वेळा उघड-बंद एवढे आयुष्य धरण्याची पद्धत आहे. तोच हिशेब ढोबळमानाने लावला, तर दिवसातून एकदा उघडणाऱ्या दुकानाला तो २७ वर्षे पुरेल. मालाच्या चढ-उतारासाठी दिवसातून दहा वेळा उघडणाऱ्या गाळ्यात मात्र तो तीन वर्षांच्या आतच संपेल.

मोटर दुपारीच का बंद पडते?

शटरची मोटर पंख्यासारखी सतत चालण्यासाठी बनवलेली नसते. काही मिनिटे चालायचे आणि मग थंड व्हायचे, असा तिचा हिशेब असतो. पत्र्याच्या कव्हरखाली ती आधीच तापलेली असते. त्यात लागोपाठ चार-पाच वेळा शटर वर-खाली केले की आतला उष्णतारोधक स्विच वीज तोडतो. हा बिघाड नाही, मोटर जळू नये म्हणून केलेली सोय आहे. अर्धा तास थांबल्यावर ती पुन्हा चालते. तोवर बटण दाबत राहण्यात अर्थ नाही. रोजच असे होत असेल, तर मोटर कमी क्षमतेची आहे किंवा शटर जड झाले आहे.

उन्हाळ्यात विजेचा दाबही उतरतो. मोटरची ओढण्याची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब १० टक्क्यांनी घटला, तर ताकद जवळपास १९ टक्क्यांनी घटते. म्हणून संध्याकाळी एसी सुरू झाल्यावर तीच मोटर रडू लागते.

मोटर घुमते पण फिरत नाही, तेव्हा संशय कपॅसिटरवर घ्यावा. सभोवतालचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत क्षेत्रातला ठोकताळा आहे. हा भाग स्वस्त असतो आणि लगेच बदलता येतो. तो न तपासता थेट नवी मोटर सुचवली गेली, तर दुसऱ्या कारागिराचे मत घ्यावे.

सोसायटीच्या सरकत्या फाटकांची तऱ्हा वेगळी. तिथे गाडी मध्ये आली तर फाटक थांबवणारा सेन्सर अदृश्य इन्फ्रारेड किरणावर चालतो. मावळतीचे ऊन थेट त्याच्या काचेवर आले की ‘समोर काहीतरी आहे’ असा त्याचा समज होऊ शकतो आणि फाटक बंदच होत नाही. त्यावर छोटी टोपी बसवणे किंवा सेन्सर आणि त्याच्या समोरचा भाग यांची अदलाबदल करणे हा उपाय आहे. सेन्सरची जोडणीच काढून टाकणे हा उपाय नव्हे. मुले खेळत असलेल्या आवारात ते धोक्याचे आहे.

एक चूक मात्र उन्हाळा-पावसाळा न पाहता होते. बाजूचे कुलूप न काढता रिमोट दाबला जातो. मोटर ओढत राहते आणि खालच्या पट्ट्या वाकतात. कुलूप लागलेले असताना मोटरची वीज तोडणारा स्विच बसवून घेतला, तर हे टळते.

आत माणसे असताना शटर उघडले नाही तर?

हा या विषयातला सर्वात गंभीर भाग आहे. ३० डिसेंबर २०१६ रोजी पुण्यातील कोंढवा भागात एका बेकरीला पहाटे आग लागून आत झोपलेल्या सहा कामगारांचा मृत्यू झाला. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळच्या उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला लागलेल्या आगीत पाच कामगार दगावले. दोन्ही ठिकाणी दार बाहेरून बंद होते.

रात्री कामगारांना आत झोपवून शटरला बाहेरून कुलूप लावण्याची प्रथा लहान दुकाने आणि गाळ्यांत आजही दिसते. मोटरच्या शटरने धोका बदलतो, संपत नाही. आग लागली की अनेकदा सर्वात आधी वीज जाते आणि मग रिमोट निरुपयोगी ठरतो.

वीज नसतानाही शटर उघडण्याची सोय मोटरमध्ये असते. बाजूला बसवलेल्या मोटरला हाताने ओढायची साखळी असते, तर शाफ्टवर बसवलेल्या मोटरला ब्रेक सोडवणारी वायर असते. ही साखळी किंवा वायर आतून हाताला येईल अशी हवी, तिच्यासमोर मालाची थप्पी नको आणि आतल्या प्रत्येकाला ती वापरता यायला हवी. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुटकेचा दरवाजा बाहेरच्या दिशेने उघडणारा हवा, वर गुंडाळणारे किंवा सरकते दार त्यासाठी चालत नाही. म्हणजे माणसे काम करतात किंवा झोपतात तिथे शटरखेरीज वेगळे दार हवेच. ते नसेल, तर रात्री कोणालाही आत ठेवू नये.

दुरुस्ती करताना धोका कुठे असतो?

स्प्रिंगमध्ये. पिळलेली स्प्रिंग अचानक सुटली, तर हात मोडू शकतो, डोळा जाऊ शकतो. शाफ्ट, ब्रॅकेट आणि स्प्रिंगचे नट-बोल्ट घरच्या माणसाने सोडवू नयेत. कारागिरानेही आधी मुख्य वीजपुरवठा बंद करावा, पडद्याला खालून टेकू द्यावा आणि मगच ताण सोडवावा. स्टुलावर स्टूल ठेवून केलेले काम टाळावे. उन्हात तापलेल्या पत्र्याजवळ दुपारी काम करण्यापेक्षा सकाळची वेळ ठरवणे दोघांच्याही सोयीचे.

शटर स्प्रिंगवर चालत असेल, तर एक साधी तपासणी कोणीही करू शकतो. ते कंबरेच्या उंचीवर आणून, खाली हात-पाय न ठेवता, हळूच सोडावे. ते जागेवर थांबले तर तोल ठीक आहे. खाडकन खाली आले, तर स्प्रिंग थकली आहे किंवा तुटली आहे. अशा शटरखालून ये-जा लगेच थांबवावी.

वर्षभरात काय, केव्हा करावे?

फेब्रुवारीअखेर : गाईड कोरड्या ब्रशने साफ करावे, जुना साका खरवडून काढावा. गाईडला सिलिकॉन स्प्रे किंवा पातळ तेलाचा हलका हात पुरेसा असतो. ग्रीस फक्त बेअरिंग आणि साखळीला लावावे. शटरला फिकट रंग दिला आणि वर छज्जा असला, तर तापमान बरेच उतरते. मोटरच्या कव्हरला हवा खेळायला जागा आहे का, तेही पाहावे.

मेअखेर : सर्वात खालची पट्टी आणि तळाचा अँगल आधी गंजतो, कारण पावसाचे पाणी तिथेच साचते. गंज घासून प्रायमर आणि रंग लावावा. रासायनिक कारखान्यांच्या शेजारी गंज लवकर चढतो, तिथे ही तपासणी वर्षातून दोनदा करावी. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या दुकानांनी मोटरचे नियंत्रण पॅनेल उंचावर घ्यावे. जुलै २००५ आणि जुलै २०१९ च्या पुरांनी पाणी कुठवर येते ते दाखवून दिले आहे. पाण्यात गेलेली मोटर सुकली म्हणून लगेच सुरू करू नये, आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावी.

दिवाळीनंतर : स्प्रिंगचा तोल, कुलपे आणि हातसाखळी तपासावी. रिमोटची बॅटरी बदलावी. भाडेकरू किंवा नोकर बदलला असेल, तर जुन्या रिमोटची नोंद यंत्रणेतून पुसून टाकावी. अन्यथा आपल्या शटरची चावी दुसऱ्याच्या खिशात राहते.

दुरुस्तीसाठी कारागीर निवडताना काय विचारावे?

बिघाड नेमका कोणत्या भागात आहे, जुना भाग काढून दाखवणार का आणि नव्या भागाला हमी किती, हे तीन प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारावेत. एक स्प्रिंग तुटली असेल, तर तिच्याच वयाच्या बाकीच्या स्प्रिंगही त्याच वेळी तपासून घ्याव्यात. नवी मोटर घ्यायची असेल, तर शटरचे क्षेत्रफळ आणि वजन मोजूनच तिची क्षमता ठरवावी आणि दिवसातून किती वेळा शटर उघडावे लागते, तेही सांगावे. बिल घ्यावे. वीज गेल्यावर शटर हाताने कसे उघडायचे, हे कारागीर समोर असतानाच एकदा करून पाहावे.