मिलिमीटरचा मोह

किट लेन्सने काढलेल्या फोटोत पक्षी ठिपक्याएवढा दिसू लागला की टेलिफोटो लेन्सचा शोध सुरू होतो आणि तो बहुधा एकाच प्रश्नावर येऊन अडतो: किती मिलिमीटरची? ३०० पेक्षा ६०० दुप्पट चांगली, असा साधा हिशेब मांडला जातो. खिशात बेताचे पैसे असतील तर हा हिशेब फसवा ठरतो. अशा वेळी २५० किंवा ३०० मिलिमीटरपर्यंतची, हाताचा कंप शोषून घेणारी, म्हणजे स्थिरीकरण असलेली लेन्स घ्यावी आणि उरलेली कसर अंतर कमी करून भरून काढावी, हेच शहाणपणाचे.

किंमत नेमकी कशाची असते, ते आधी पाहू. फोकल लेंथला एफ-आकड्याने भागले की लेन्स जेवढ्या रुंद वाटेने प्रकाश आत घेते तिचा व्यास मिळतो. ३०० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/५.६ साठी सुमारे ५४ मिलिमीटर व्यास पुरतो, एफ/२.८ साठी १०७ लागतो. एवढी मोठी, निर्दोष काच घडवणे खर्चाचे असते, म्हणून क्रिकेटच्या मैदानाकडेला दिसणाऱ्या त्या जाडजूड लेन्सची किंमत लाखांत जाते. सिग्माची हलकी म्हणवणारी १५०-६०० लेन्ससुद्धा जवळजवळ दोन किलोंची आहे. कॅननची ५५-२५० एसटीएम अवघी ३७५ ग्रॅमची. अगदी स्वस्तात मोठा आकडा मिळतो तेव्हा काटछाट दुसरीकडे झालेली असते. कॅननच्या ७५-३०० च्या तिसऱ्या आवृत्तीत आणि निकॉनच्या जुन्या, स्वस्त ७०-३०० मध्ये स्थिरीकरणच नाही. निकॉनच्या त्या लेन्समध्ये फोकसची मोटरही नसल्याने डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ऑटोफोकस चालत नाही.

स्थिरीकरणाला एवढे महत्त्व का, ते कंपाच्या गणितातून कळते. कॅननच्या एपीएस-सी सेन्सरवर २५० मिलिमीटरची लेन्स फुल-फ्रेमच्या ४०० एवढे अरुंद दृश्य टिपते. दृश्य जितके जवळ येते, तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. म्हणून हातात धरून फोटो काढताना शटरस्पीड निदान १/४०० सेकंद असावा, असा ठोकताळा आहे. सांजवेळी झाडीत एफ/५.६ वर तेवढा उजेड मिळत नाही. स्थिरीकरणाने तीन स्टॉपचा आधार दिला, तर स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी १/५० सुद्धा चालून जातो. उडत्या पक्ष्याचा वेग मात्र ते थांबवू शकत नाही. तिथे १/१००० च्या आसपासचा शटरस्पीड आणि भरपूर ऊनच लागते. आयएसओ वाढवून हे साधेल, असे कुणी म्हणेल. काही अंशी साधतेही, पण आयएसओसोबत फोटोतले दाणे वाढतात आणि पिसांचे बारकावे पुसट होतात.

आता अंतराकडे वळू. सुमारे १७ सेंटिमीटरचा छोटा खंड्या २० मीटरवर असेल, तर २५० मिलिमीटरच्या लेन्समधून सेन्सरवर त्याची प्रतिमा जेमतेम दोन मिलिमीटरची उमटते. तोच १० मीटरवर आला की प्रतिमा सव्वाचार मिलिमीटरची होते. ५०० मिलिमीटरच्या लेन्सने २० मीटरवरून नेमके एवढेच साधले असते. शिवाय मधली हवा निम्मी झाल्याने उन्हात पाण्यावरून उठणारी झळ फोटो कमी बिघडवते. जवळ जाणे म्हणजे घरट्यावर चाल करणे नव्हे. पाणवठ्याकाठी लपणात तास-दोन तास बसले की पक्षीच अंतर कमी करतो.

ताडोबात जिप्सीतून उतरता येत नाही, मग तिथे काय, हा आक्षेप रास्त आहे. पण वाघ खंड्याएवढा नसतो. खांद्याशी साधारण मीटरभर उंच असलेला वाघ ३० मीटरवरूनही २५० मिलिमीटरमध्ये फ्रेमची निम्म्याहून अधिक उंची व्यापतो. भिगवणच्या रोहित पक्ष्यांचेही तसेच. वर्षातून एखाद्या सहलीपुरती मोठी लेन्स लागलीच, तर ती भाड्याने आणावी. जुनी लेन्स घेतानाही पैसे वाचतात, मात्र कोकण-मुंबईच्या दमट हवेत काचेच्या आत बुरशी धरते. म्हणून टॉर्चचा उजेड आरपार टाकून ती तपासल्याशिवाय सौदा करू नये.

मोठी लेन्स कधी घ्यावी, याचे उत्तर वर्षभराचे फोटोच देतात, कारण प्रत्येक फोटोत फोकल लेंथ आणि शटरस्पीडची नोंद असते. २५० वर काढलेले फोटो स्पष्ट असूनही पक्षी लहानच येत असेल, तर अधिक लांबीची गरज सिद्ध झाली. फोटोच हललेले असतील, तर ६०० ची लेन्स तोच दोष दुपटीने मोठा करून दाखवील.