अपोलो यानांतले इंधनघट

चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांत वीज आणि पिण्याचं पाणी एकाच यंत्रातून मिळे: इंधनघटातून.

त्यात काहीच जळत नाही. एका इलेक्ट्रोडवर हायड्रोजन येतो, दुसऱ्यावर ऑक्सिजन. मध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड. हायड्रोजनपासून सुटलेल्या इलेक्ट्रॉनना त्यातून वाट नसते, म्हणून ते बाहेरच्या तारेने वळसा घालून ऑक्सिजनकडे जातात. तो प्रवाह हीच वीज. आयन मात्र मधूनच सरकतात आणि तयार होतं पाणी. शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांच्या १८३९च्या सुमाराच्या इंधनघटाच्या प्रयोगांचं हे किती देखणं रूप!

वायू मिळताहेत तोवर घट चालतो.

एप्रिल १९७०मध्ये अपोलो-१३ची ऑक्सिजनची एक टाकी फुटली, दुसरी गळू लागली आणि घट बंद पडले. चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानातल्या बॅटऱ्यांवर अंतराळवीरांनी परतीची वाट धरली, तीही पाणी मोजूनमापून पीत.