होशंगाबादचं विज्ञान

सरकारी शाळांना मदत करायला निघालेल्या संस्था एक तर स्वतःची आदर्श शाळा काढतात, नाही तर दोन दिवसांचं शिबिर घेऊन, पेटीभर साहित्य देऊन निघून जातात. मध्य प्रदेशात नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये सुरू झालेल्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमाने या दोन्ही वाटा टाळल्या. शाळा सरकारच्याच राहिल्या, शिक्षक तेच राहिले, पगार देणारं खातंही तेच. बदललं ते सहावी ते आठवीच्या वर्गांतलं विज्ञान शिकवणं आणि त्याला धरून असलेलं सगळं: पुस्तक, प्रशिक्षण, परीक्षा, साहित्याचा पुरवठा. एवढं सगळं एकत्र बदललं म्हणूनच तो कार्यक्रम तीस वर्षं चालला, असं मला वाटतं.

सुरुवात दोन संस्थांनी केली. एक बनखेडी भागातली किशोर भारती, दुसरं होशंगाबादजवळच्या रसूलियाचं क्वेकरपंथीयांनी उभारलेलं फ्रेंड्स रूरल सेंटर. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून या खेड्यापाड्यांत आले होते. दोन्ही संस्थांनी सरकारकडून 16 शाळांत काम करायची परवानगी मिळवली. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक व प्राध्यापक मदतीला आले. 1978 मध्ये कार्यक्रम जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला. तो सांभाळायला आणि पुढे न्यायला 1982 मध्ये ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली.

‘बाल वैज्ञानिक’ हे त्यांचं पुस्तक राज्याच्या पाठ्यपुस्तक निगमानेच छापलं. त्यात प्रयोग कसा करायचा ते होतं, काय पाहायचं ते होतं, प्रश्न होते. उत्तरं नव्हती. मूळ आणि पान यांवरचा पाठ घ्या. मुलं परिभ्रमणाला, म्हणजे शाळेबाहेर भटकायला, निघायची आणि मिळतील ती रोपं मुळासकट उपटून आणायची. गवत, गहू, मका एकीकडे. हरभरा, तूर, एरंड दुसरीकडे. कोणाच्या पानावरच्या शिरा समांतर आहेत आणि कोणाच्या जाळीदार, कोणाचं मूळ तंतूंच्या झुपक्यासारखं आणि कोणाचं एकच जाड सोटमूळ, याचा तक्ता मुलांच्या प्रत्येक गटाने स्वतः भरायचा. तक्ता भरत आला की त्यातली जोडी डोळ्यांत भरते: समांतर शिरांना तंतुमूळ, जाळीदार शिरांना सोटमूळ. मग पान पाहून मुळाचा अंदाज बांधायचा आणि रोप उपटून तो ताडून पाहायचा. शिरा आणि मुळांच्या जोडीचं हे वाक्य आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वहीत उतरवून घेतलं आहे. इथे ते मुलांच्या हाताखालून निघत होतं, आणि या दोन अनुभवांतलं अंतर मोठं आहे.

साहित्यही तसंच. शाळेत प्रयोगशाळा नाही, ही सबब उरू नये म्हणून गावच्या बाजारात मिळेल त्यातून संच जुळवला होता. पुण्याच्या टेल्को कंपनीतून वर्षभराची रजा काढून 1978 मध्ये तिथे गेलेल्या अरविंद गुप्ता या तरुण अभियंत्याला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून एक खेळ सुचला. ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापायचा, दोन्ही टोकांतून एकेक आगकाडी सरकवायची. झाला वाकणारा सांधा. मधोमध बाभळीच्या काट्याने भोक पाडलं की तिसरी काडीही बसते. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन मात्र लगेच तिरका होतो. छपराच्या कैच्यांत आणि पुलांच्या सांगाड्यांत त्रिकोण का असतात, हे सहावीतल्या पोराला बोटांनी कळतं.

पण माझ्या मते या कार्यक्रमाचा कणा साहित्य नव्हे, शिक्षकाची देखभाल हा होता. उन्हाळ्यात काही आठवड्यांचं प्रशिक्षण असे, आणि त्यात शिक्षकांनी तेच प्रयोग स्वतः करायचे, मुलांसारखेच अडायचे, चुकायचे. विद्यापीठातला प्राध्यापक आणि खेड्यातले गुरुजी एकाच टेबलावर त्याच परीक्षानळीत डोकावत. पुढे वर्षभर दर महिन्याला शाळासमूहाच्या संगम केंद्रावर ‘मासिक गोष्ठी’ भरे. कुठला प्रयोग फसला, कुठल्या पाठाला मुलं कंटाळतात, काय संपलं आहे, हे तिथे बोललं जाई. शाळांना भेटी देण्याच्या कामाला ‘अनुवर्तन’ म्हणत, आणि ते करणाऱ्यांत शिक्षकही असत. तपासणी आणि सोबत यांतला फरक इथे लोकांना नीट कळला होता. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या केंद्रांवर दरमहा शिक्षण परिषद भरते. माहिती मागवण्यात आणि परिपत्रकं वाचण्यात तिचा दिवस गेला की होशंगाबादच्या गोष्ठीची किंमत लक्षात येते.

दुसरी खरी धाडसाची गोष्ट परीक्षेची. आठवीच्या परीक्षेला मुलं पुस्तक आणि स्वतःच्या वह्या घेऊन बसत, शिवाय हाताने प्रयोग करून दाखवण्याची वेगळी परीक्षा असे. बाहेरच्या संस्थेला शिकवण्याची पद्धत बदलायची मुभा सहज मिळते. परीक्षेला हात लावू देणारं शिक्षण खातं विरळाच. मध्य प्रदेशाच्या खात्याने तो लावू दिला, याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पाठांतराचीच परीक्षा राहिली असती तर गुरुजींनी प्रयोग कधीच गुंडाळून ठेवले असते, आणि त्यांना दोषही देता आला नसता.

मुलांच्या मनातल्या प्रश्नांसाठी ‘सवालीराम’ होता. हे एक कल्पित पात्र. त्याला पत्र टाकून काहीही विचारावं आणि उत्तराची वाट पाहावी.

2002 मध्ये हा कार्यक्रम डझनभराहून जास्त जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत चालू होता. त्या वर्षी राज्य सरकारने तो बंद केला. राज्यभर एकच अभ्यासक्रम हवा, हा त्यामागचा मोठा मुद्दा होता. देशभरातल्या वैज्ञानिकांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. सरकारच्या आत राहून काम करायचं तर सरकारची परवानगी हाच पाया असतो, आणि ती एका आदेशाने जाऊ शकते. तरीही बाहेर राहून स्वतःच्या चार शाळा चालवणं त्यांनी पत्करायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. ज्या मुलांना सरकारी शाळेशिवाय पर्याय नव्हता, त्यांच्यापर्यंत पोचण्याचा दुसरा रस्ता नव्हता.

एकलव्य आजही पुस्तकं आणि मासिकं काढते. तिच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकातून प्रेरणा घेऊन पुण्यात ‘शैक्षणिक संदर्भ’ हे मराठी द्वैमासिक उभं राहिलं. अरविंद गुप्ता पुढे पुण्यातच आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षं मुलांबरोबर खेळणी करत राहिले, आणि त्यांची पुस्तकं मराठीतही आली आहेत. व्हॉल्व्ह ट्यूबचा तो सांधा त्यांतून महाराष्ट्रातल्या शिक्षकांपर्यंतही पोचला.