प्रवाशाची थैली आणि पोलिसांचा हात

मनुष्य घराबाहेर पडतो तेव्हां आपल्या खाजगी आयुष्याचा एक लहानसा तुकडा थैलींत घालून बरोबर नेतो. जेवणाचा डबा, औषधाची बाटली, एखादें पत्र, डॉक्टरांनीं दिलेला तपासणीचा कागद, चारचौघांत न काढण्यासारखें एखादें पुस्तक, असें त्यांत काय काय असतें. घराच्या दाराला कडी असते. थैलीला फार तर बंद. तरीहि त्या बंदाच्या आंत काय आहे हें विचारण्याचा अधिकार परक्यास नाहीं, अशी सभ्य समाजाची समजूत आहे. आगगाडीच्या स्थानकावर उभा असलेला पोलिस या समजुतीला बाजूस सारूं लागला, तर तें कोणत्या आधारावर, कोणत्या मर्यादेपर्यंत आणि कोणाच्या बाबतींत, हा प्रश्न न्यूयॉर्क शहरांत २००५ सालीं न्यायालयापुढें आला. तें प्रकरण बारकाईनें पाहण्यासारखें आहे. स्वातंत्र्य श्रेष्ठ कीं सुरक्षितता श्रेष्ठ, ही मोठ्या शब्दांची लढाई तेथें लवकरच मागें पडली, आणि खरा वाद पांचवा प्रवासी थांबवावयाचा कीं दहावा, अशा क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींवर येऊन ठेपला.

७ जुलै २००५ रोजीं लंडनच्या भुयारी गाड्यांत व एका बसमध्यें बाँब उडून ५२ लोक मृत्युमुखीं पडले. दोन आठवड्यांनीं, २१ जुलै रोजीं, त्याच शहरांत तसाच प्रयत्न पुन्हां झाला. सुदैवानें तो फसला. आदल्या वर्षीं माद्रिदच्या लोकल गाड्यांत व मॉस्कोच्या भुयारी रेल्वेंत असेच संहार झालेले होते. न्यूयॉर्कचे पोलिस आयुक्त रेमंड केली यांनीं २२ जुलैपासून आपल्या शहराच्या भुयारी रेल्वेंत थैल्यांची झडती सुरू केली. काम सोपें नव्हतें. २६ मार्ग, ४६८ स्थानकें, रात्रंदिवस चालणाऱ्या गाड्या आणि कामाच्या दिवशीं सरासरी ४७ लाख प्रवासी! विमानतळावर होते तशी प्रत्येकाची तपासणी येथें करूं म्हटलें, तर सकाळीं नऊला कचेरींत जाणारा मनुष्य जेवणाच्या सुटीपर्यंत तरी पोंचेल किंवा नाहीं, याची शंकाच.

म्हणून निराळी पद्धत योजण्यांत आली. रोज कांहीं स्थानकें निवडावयाचीं. तीं कोणतीं, व तेथें पहारा किती वेळ राहणार, हें आधीं कोणास कळूं द्यावयाचें नाहीं. आंत जाण्याच्या फाटकाशेजारीं टेबल मांडावयाचें, मोठ्या अक्षरांची पाटी लावावयाची व ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यावयाची. तेथल्या वरिष्ठ अधिकाऱ्यानें गर्दी व हाताशीं असलेले शिपाई पाहून एक संख्या ठरवावयाची, दर पांचवा किंवा दर दहावा, आणि थैली घेऊन येणारा त्या क्रमांकाचा प्रवासी शिपायानें थांबवावयाचा. चेहरा पाहून निवड करण्याची शिपायास मुभा नाहीं. बाँब मावणार नाहीं इतकी लहान थैली उघडावयाची नाहीं. आंतले कागद वाचावयाचे नाहींत, नांवगांव विचारावयाचें नाहीं, इतर बेकायदा वस्तु मुद्दाम शोधावयाच्या नाहींत. ओघानें दृष्टीस पडल्या तर मात्र मालकास पकडण्यास हरकत नाहीं. सर्वांत महत्त्वाचें कलम असें होतें कीं, ज्यास थैली दाखवावयाची नसेल त्यानें खुशाल माघारीं फिरावें. झडती नाकारून पुन्हां आंत शिरण्याचा प्रयत्न केला तरच अटक. हा सारा कारभार एका माणसामागें कांहीं सेकंदांत आटोपत असे.

इतक्या मवाळ झडतीवरहि फिर्याद कां व्हावी, असें कोणाच्याहि मनांत येईल. अमेरिकन लोकांचा याबाबतींतला हळवेपणा जुना आहे. ते इंग्रजांच्या अमलाखालीं होते त्या काळीं, जकात चुकवून आणलेला माल शोधण्यासाठीं अंमलदारांस सरसकट परवाने मिळत. कोणाचें घर, कशाचा संशय, यांपैकीं कांहींहि त्या परवान्यांत नमूद नसे. १७६१ सालीं बॉस्टनच्या व्यापाऱ्यांच्या वतीनें जेम्स ओटिस या वकिलानें त्यांविरुद्ध न्यायालयांत दीर्घ भाषण केलें. तो खटला हरला. पण ती चीड विझली नाहीं. स्वतंत्र झाल्यावर अमेरिकेनें १७९१ सालीं आपल्या घटनेस जी चौथी दुरुस्ती जोडली, तिनें नागरिकांचें शरीर, घर, कागदपत्र व चीजवस्तु यांना अवाजवी झडतीपासून अभय दिलें, आणि सबळ कारणाशिवाय झडतीचें वॉरंट निघूं नये असें ठरविलें.

थैली ही अर्थातच चीजवस्तूंत मोडते. २००० सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेला एक खटला या बाबतींत मोठा बोधक आहे. टेक्ससमध्यें एका बसमधील फळीवर ठेवलेली प्रवाशाची मऊ थैली सरहद्दीवरील अंमलदारानें बाहेरून दाबून पाहिली. आंत अमली पदार्थाची वीट निघाली. गुन्हा उघड होता, तरीहि न्यायालयानें ती झडती घटनेविरुद्ध ठरविली. सहप्रवासी थैली इकडची तिकडे सरकवितो, तेव्हां तिला हात लागणारच. पण आंत काय आहे हें जाणण्यासाठीं सरकारी हातानें ती चांचपणें ही गोष्ट वेगळी, असा त्या निकालाचा आशय होता.

मग बिनसंशयाची झडती कधींच चालत नाहीं काय? चालते, पण अपवाद म्हणून. साधे गुन्हे शोधणें हा हेतु नसून लोकांच्या जिवाला असलेला एखादा विशेष धोका टाळणें हा हेतु असेल, तर न्यायालयें सार्वजनिक गरज व व्यक्तीची गैरसोय तोलून पाहतात. दारू पिऊन मोटार हांकणारे शोधण्यासाठीं रस्त्यावर प्रत्येक गाडी क्षणभर थांबविणें १९९० सालीं मान्य झालें. उलट, इंडियानापोलिस शहरानें अमली पदार्थ धरण्यासाठीं तसेच नाके बसविले, ते २००० सालीं अमान्य झाले. कारण तो हेतु साध्या गुन्हेतपासाचाच होता. नाका तोच, थांबणें तेंच. हेतु बदलला आणि निकाल फिरला. ही रेषा ध्यानांत ठेवली पाहिजे, कारण पुढें तीच पुसट होऊं लागली.

न्यूयॉर्कच्या नागरिक स्वातंत्र्य संघानें कांहीं प्रवाशांच्या वतीनें ऑगस्ट २००५ मध्यें फिर्याद लावली. त्यांचा मुख्य मुद्दा असा कीं, ही झडती निरुपयोगी आहे. ४६८ स्थानकांपैकीं मूठभर ठिकाणीं टेबल मांडलेलें; तें पाहून घातपाती माघारीं फिरेल आणि पुढच्या स्थानकांत शिरेल. त्यास तसें करूं देणें हाच तर नियम! निरपराध मनुष्य मात्र शिपायापुढें थैली उघडतो. या आक्षेपाला उत्तर म्हणून शहराच्या बाजूनें तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. त्यांत अमेरिकन सरकारच्या दहशतवादविरोधी कामाचे माजी प्रमुख रिचर्ड क्लार्क होते. घातपात करणारे लोक आपल्या कटाची घटका-पळें आधीं ठरवितात. वाटेंत कोठें अडथळा येईल याची खात्री नसली कीं त्यांचा बेत डळमळतो, म्हणून अनिश्चितता हेंच या झडतीचें बळ, असें त्यांचें म्हणणें होतें. न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनीं डिसेंबर २००५ मध्यें तें मान्य केलें, आणि ११ ऑगस्ट २००६ रोजीं अपील न्यायालयानें न्यायाधीश चेस्टर स्ट्रॉब यांच्या लेखणीनें तोच निकाल कायम केला.

अपील न्यायालयानें एक गोष्ट प्रामाणिकपणें कबूल केली. प्रवासी भुयारी रेल्वेंत शिरला म्हणून थैलीवरील त्याचा खाजगीपणाचा हक्क कमी होत नाहीं. तो पुरता शाबूत राहतो. झडती क्षम्य ठरते ती तिच्यावरील बंधनांमुळें: सूचना, अल्प वेळ, माघारीं जाण्याची मोकळीक, संख्येचा नियम. मात्र किती स्थानकांवर, किती वेळ पहारा बसतो याचे आंकडे पोलिसांनीं गुप्त ठेवले, आणि त्यांची छाननी करून पहारे किती असावेत हें ठरविणें आपलें काम नव्हे, असें न्यायालयानें म्हटलें. येथें निकालाची बाजू लंगडी पडते. उपाय परिणामकारक आहे म्हणून तो योग्य, असें म्हणावयाचें, आणि परिणाम मोजण्याचें माप मात्र झांकून ठेवावयाचें, हें तर्कास धरून नाहीं. पोलिसांचीहि अडचण खरी आहे. न आलेल्या चोराची मोजदाद कोणी कशी करावी?

परंतु आलेल्यांची करतां येते. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेविरुद्धचा १९९७ सालचा कट उघडकीस आला तो कटवाल्यांच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या एकानें पोलिसांस खबर दिली म्हणून. २००४ सालचा कट पोलिसांच्या खबऱ्यानें फोडला. २००९ सालचा कट, जो सर्वांत भयंकर होता, तो एका ई-मेलच्या धाग्यावरून हातीं लागला. ११ डिसेंबर २०१७ रोजीं बसस्थानकाकडे जाणाऱ्या भुयारी वाटेंत ज्यानें स्फोट केला, त्यानें बाँब थैलींत आणलाच नव्हता. अंगाला बांधून आणला होता. यावरून टेबलावरची झडती व्यर्थ ठरत नाहीं. पण तिचें श्रेय किती व इतर मार्गांचें किती, याचा अंदाज येतो.

संख्येच्या नियमाकडे पुन्हां वळणें अवश्य आहे, कारण खरी कळ तेथेंच आहे. हा नियम गणिताच्या आवडीनें घातलेला नाहीं. शिपायाच्या मर्जीस वाव मिळाला म्हणजे काय होतें, हें त्याच शहरानें रस्त्यावरील अंगझडतींत पाहिलें. २०११ सालीं न्यूयॉर्कच्या पोलिसांनीं रस्त्यावर लोकांस थांबविल्याच्या ६,८५,७२४ नोंदी झाल्या. थांबविलेल्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन वंशाचे लोक बहुसंख्य होते, आणि दहांपैकीं जवळजवळ नऊ जणांवर कसलाहि आरोप ठेवतां आला नाहीं. २०१३ सालीं न्यायालयानें ती वहिवाट घटनाविरोधी ठरविली. थैलीच्या टेबलापाशीं हें होऊं नये म्हणून पांचवा-दहावा आला. तरीहि दक्षिण आशियाई वंशाच्या एका न्यूयॉर्ककराची थैली तीन वर्षांत २१ वेळां तपासली गेल्याची फिर्याद २००९ सालीं झाली, व ती तडजोडीनें मिटली. दर वेळीं पांचव्या जागीं तोच कसा उभा राहिला, हें दैवासच ठाऊक! नियम कागदावर कितीहि निःपक्षपाती असो. कोण थांबविला गेला याची नोंद जर बाहेरचा कोणी तपासूं शकत नसेल, तर तो पाळला जातो कीं नाहीं हें टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसास कधींच कळत नाहीं.

आतां हेतूची गोष्ट. मार्च २०२४ मध्यें न्यूयॉर्क राज्याच्या गव्हर्नर कॅथी होकुल यांनीं भुयारी रेल्वेंत थैल्या तपासण्यासाठीं नॅशनल गार्डचे ७५० सैनिक पाठविले. पहिल्याच दिवसांत त्यांच्या हातांतील लांब बंदुका पाहून इतकी कुजबूज झाली, कीं थैली तपासणाऱ्या सैनिकांनीं त्या बाळगूं नयेत असा हुकूम काढावा लागला. बंदुकांहून अधिक विचार करण्यासारखें होतें तें कारण. या वेळीं निमित्त बाँबचें नव्हतें. स्थानकांतील मारहाण, हल्ले व प्रवाशांच्या मनांतील भीति हें होतें. ती भीति खोटी नव्हती: १२ एप्रिल २०२२ रोजीं ब्रुकलिनमध्यें एका गाडींत गोळीबार होऊन दहा माणसांस गोळ्या लागल्या होत्या. पण २००६ चा निकाल उभा होता तो साध्या गुन्ह्यांचा तपास व लोकसंहाराचा धोका या भेदावर. चाकू, पिस्तुल, मारामारी यांच्या बंदोबस्तासाठीं तेंच टेबल मांडलें, तर तें इंडियानापोलिसच्या नाक्याकडे एक पाऊल सरकतें. संकटकाळीं दिलेली सवलत संकट पालटलें तरी परत घेतली जात नाहीं. तिला फक्त नवें कारण मिळतें.

न्यूयॉर्कचा निकाल लागला त्याच्या बरोबर एक महिना आधीं, ११ जुलै २००६ रोजीं संध्याकाळीं, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर लोकल गाड्यांत सात बाँब उडून सुमारे २०० प्रवासी ठार झाले होते. तेव्हां हा प्रश्न मराठी घरांस दूरचा वाटण्याचें कारण नाहीं. दिल्लीच्या मेट्रोंत तर २००७ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान प्रत्येक प्रवाशाची अंगझडती घेतात व प्रत्येक थैली क्ष-किरणाखालून जाते. यांत पांचवा-दहावा नाहीं; सगळेच. त्यामुळें चेहरा पाहून निवड होण्याचा दोष पुष्कळसा टळतो, मात्र बिनसंशयाची झडती हा तेथें अपवाद न राहतां रोजचा परिपाठ होतो.

भारताच्या घटनेंत अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखें कलम नाहीं, आणि तें नसण्यामागें एक विसरलेली हकीकत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४७ सालीं मांडलेल्या हक्कांच्या आराखड्यांत असें कलम होतें. डिसेंबर १९४८ मध्यें घटना समितींत मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनीं त्याच धर्तीची उपसूचना आणली, व ती स्वीकारण्यास आपण तयार आहों असें आंबेडकरांनीं सभागृहांत सांगितलें. मतास टाकल्यावर मात्र ती फेटाळली गेली. १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें याच अभावावर बोट ठेवून, अमेरिकेचें तत्त्व येथें आणतां येणार नाहीं असें म्हटलें. पुढें २०१७ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय देऊन त्या हक्कांत हात घालणाऱ्या सरकारास तीन कसोट्या घालून दिल्या: कायद्याचा आधार, योग्य हेतु आणि हेतूच्या मानानें बेताचा उपाय. स्थानकाच्या फाटकापाशीं पहिल्या दोन कसोट्यांस उत्तर देणें फारसें अवघड नाहीं. तिसरीशीं येतांच मात्र न्यूयॉर्कच्या खटल्यांतले सगळे किरकोळ प्रश्न परत उभे राहतात. पडद्यावर कोणती वस्तु दिसली असतां थैली उघडावयाची, आंतला कागद वाचावयाचा कीं नाहीं, उघडलेल्या थैल्यांची नोंद कोणी ठेवावयाची व कोणी पहावयाची, आणि "नको, मी बसनें जातों" असें म्हणणाऱ्या प्रवाशास मुकाट्यानें जाऊं द्यावयाचें कीं नाहीं.