संगणक-जाळ्यांचे प्रशिक्षण : मार्ग कोणता?

संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात शिरू पाहणारा तरुण बहुधा ‘सीसीएनए’ हे नाव ऐकून येतो आणि शहरातील एखाद्या वर्गाच्या शुल्कासाठी घरच्यांना कर्जाची तजवीज करावी लागते. त्यापूर्वी त्याच्या शिक्षकांनी एक गोष्ट त्याच्या ध्यानी आणून द्यावयास हवी. सिस्को कंपनीचे हे प्रमाणपत्र वर्ग पूर्ण केल्याने मिळत नाही. त्यासाठी कंपनीची स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. वर्गाचा दाखला निराळा. ही परीक्षा पूर्वी दोन भागांतही देता येत असे. फेब्रुवारी २०२० पासून ती १२० मिनिटांची एकच आहे. तिला बसण्यास वर्गाची अट नाही. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे.

मग वर्ग कशासाठी? हाताला वळण लागावे म्हणून. आयपी पत्त्यांची विभागणी किंवा राउटर व स्विच यांची जुळणी पाठांतराने साधत नाही. हा सराव सिस्कोच्याच ‘पॅकेट ट्रेसर’ या विनामूल्य प्रणालीवर घरच्या संगणकावरही करता येतो. नेमाने अभ्यास करणाऱ्यास तो मार्ग पुष्कळ अंशी पुरेसा आहे. ज्यास शंका विचारण्यास कोणी जवळ हवे, त्याने वर्ग जरूर लावावा. मात्र शुल्कात परीक्षेची फी धरली आहे काय आणि आठवड्यास किती तास प्रत्यक्ष उपकरणे हाताळावयास मिळतील, हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.