जमिनीचे भागभांडवल

शहर वाढत वेशीपर्यंत आले की शेतकऱ्यापुढे बहुधा एकच मार्ग उरतो : जमीन विकणे. रक्कम एकदाच हाती येते. पुढे मुद्दल सरते आणि पुढच्या पिढीजवळ ना शेत राहते, ना धंदा.

पुण्यालगत हडपसरच्या मगरपट्ट्याने निराळी वाट धरली. श्री. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली जवळपास ४०० एकर जमीन एकत्र आणून स्वतःचीच विकास कंपनी स्थापन केली. ज्याची जेवढी जमीन, त्याच प्रमाणात त्याला समभाग. २००० च्या सुमारास बांधकामास आरंभ झाला आणि उसाच्या मळ्यांच्या जागी घरे, शाळा, रुग्णालय, उद्याने व माहिती तंत्रज्ञानाची कार्यालये उभी राहिली. शेतकरी घरांतील अनेक तरुण याच वसाहतीत कंत्राटदार व पुरवठादार झाले. पुढे सिंहगड रस्त्यावरील नांदेड सिटीतही हीच पद्धत अवलंबिली गेली.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर, विक्री म्हणजे ठेव मोडणे. समभाग म्हणजे ठेव राखून उत्पन्न घेणे.

आपल्या पेढ्या भागीदारीवरच वाढल्या. आज बाजारपेठेतील जुने वाडे पुनर्विकासाला निघताना भावाभावांत वाटणीचा प्रश्न उभा राहतो. वाटणीपूर्वी एक विचार अवश्य व्हावा : एकत्र राहिल्यास मालमत्तेचे मोल वाढेल का? मात्र प्रत्येकाचा हिस्सा आधीच लेखी ठरावा आणि हिशेब सर्वांसमोर उघडा असावा. जमीन एकत्र आणणे त्यामानाने सोपे. विश्वास टिकतो तो चोख हिशेबावरच.