भविष्याची पेरणी

विज्ञानकादंबरी म्हटली की यंत्रमानव आणि अवकाशयाने डोळ्यांपुढे येतात. अमेरिकन लेखक फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ सालच्या ‘ड्यून’मध्ये मात्र विचार करणाऱ्या यंत्रांवर बंदीच आहे. तिथले खरे हत्यार आहे भविष्यवाणी.

अराकिस हा वाळवंटी ग्रह. ताऱ्यांमधल्या प्रवासाला लागणारा ‘मसाला’ फक्त तिथेच मिळतो. म्हणून ज्याच्या हाती अराकिस, त्याच्या हाती सत्ता. तिथले रहिवासी फ्रेमेन; पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारे, पिढ्यान्‌पिढ्या नाडले गेलेले. एक दिवस तारणहार येईल, या आशेवर ते जगतात. पण ही आशा आपोआप उगवलेली नाही. ‘बेने जेसेरिट’ नावाच्या स्त्रियांच्या संघाने ती दंतकथा फार पूर्वीच तिथे पेरून ठेवली आहे; आपल्यातली एखादी कधी संकटात सापडली तर कामी यावी म्हणून!

आणि ती कामी येते. वडिलांचा घात झाल्यावर १५ वर्षांचा पॉल आईसह वाळवंटात पळतो. जीव वाचवण्यासाठी दोघे त्याच दंतकथेचा आधार घेतात. इथे त्यांना दोष कसा द्यावा? पुढे पॉलला खरोखरच भविष्य दिसू लागते. आपल्या नावाने होणारा संहार त्याला दिसतो, नकोसाही वाटतो. तरी सूड आणि सिंहासन या वाटेवरून तो मागे फिरत नाही.

फ्रेमेन त्याला ‘महदी’ म्हणतात, ‘लिसान अल-गैब’ म्हणतात. माझ्यासारख्या मुसलमान वाचकाला हे शब्द परके नाहीत. लिसान म्हणजे जीभ, गैब म्हणजे जे दिसत नाही ते. फारसी कवी हाफिजला लोकांनी हेच बिरुद दिले. त्याचा दीवान उघडून आजही शकुन पाहतात. पण कवीच्या शकुनाने फार तर एखाद्याचा प्रवास लांबणीवर पडतो. पॉलच्या बाबतीत त्याच शब्दामागे फौज उभी राहते.

१९६९ सालच्या ‘ड्यून मसीहा’त हिशेब येतो: ६१ अब्ज बळी. तो मांडतो स्वतः पॉलच. २०२४ साली आलेल्या दिग्दर्शक डेनी विलनव्ह यांच्या चित्रपटात सारे पॉलपुढे झुकतात. त्याच्यावर प्रेम करणारी फ्रेमेन तरुणी चानी तेवढी झुकत नाही.

पॉल भोंदू असता तर गोष्ट सोपी होती. तो द्रष्टा आहे, हीच तर अडचण. म्हणून तारणहार खरा की खोटा, एवढे विचारून भागत नाही. आशा कुणी पेरली आणि पीक कुणी नेले, हेही विचारावे लागते.